आमची वाटचाल : कच्च्या कातड्यापासून भिंतीपर्यंत

आमचा धंदा टॅक्सिडर्मीचा, म्हणजे मेलेल्या जनावराचं कातडं साच्यावर चढवून ते जिवंतासारखं दिसेल असं करण्याचा. भिंतीवरचं डोकं बघून पाहुणे शिंगांचं कौतुक करतात. शिंगं जनावराची, त्यात आमचं काही नाही. आमचं काम डोळ्याच्या कोपऱ्यात, नाकपुडीच्या आत आणि ओठाच्या दुमडीत असतं. तिथे नजर घालणारे थोडेच भेटले, पण आमचा धंदा त्यांच्याच जिवावर चालला.

आम्ही दोघांनी सुरुवात केली. भागीदार सोलण्यात आणि रापीत पटाईत, साचा आणि शिवण माझ्याकडे. भांडवल म्हणजे कातडं पसरून साफ करायला घासून गोल केलेला एक ओंडका, जुना फ्रीझर आणि दोन मुठींची सुरी. ती सुरी अजून आहे. तिची एक धार तिखट आणि दुसरी बोथट. तिखट धारेने मांस छाटायचं, बोथट धारेने चरबी रेटायची. नवीन पोरं दोन्ही बाजू परजून ठेवतात आणि मग पातळ कातड्यात भोकं पाडून बसतात. बोथट बाजूला हात लावू नका, असं प्रत्येकाला सांगावं लागतं.

लोक आम्हाला अजूनही पेंढा भरणारे समजतात. कार्ल एकली (1864–1926) नावाच्या अमेरिकन कारागिराने मापं घेऊन मातीचं शरीर घडवायचं, त्याचा पोकळ साचा काढायचा आणि त्यावर कातडं चढवायचं, अशी रीत रुळवली, त्याला शतक उलटलं. आता तयार फोमचे साचे मिळतात, पण मापं चुकली तर साचा कितीही महागाचा असो, जनावर दुसरंच दिसतं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर आणि कानांमागे मानेचा घेर, ही दोन मापं आम्ही कातडं ओलं असतानाच घेतो. हरणाच्या डोळ्याची बाहुली आडवी असते. मान कितीही झुकवा, ती जमिनीला समांतर राहिली पाहिजे. ती तिरकी बसली की जनावर खुळचट दिसतं. काय बिघडलंय ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं.

मधली बरीच वर्षं बरी गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मग भागीदाराने वेगळी चूल मांडली. त्याबद्दल राग नाही (खरं तर आहे). जाताना त्याने गिऱ्हाइकांची वही नेली आणि आमच्याकडे शिकलेला सगळ्यात चांगला पोरगाही फोडला. आम्ही वर्ष लावतो ते काम महिन्यात देतो, असं तो सांगू लागला. देतही होता! कातडं कमावायचंच नाही, नुसती पावडर चोळायची, साच्यावर ताणायचं, शिवायचं, वाळवायचं. वेळ लागतो तो कमावण्यालाच. खारवलेलं कातडं भिजवायचं, मग आम्ल आणि मिठाच्या पाण्यात ठेवायचं. पाण्याचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा) दोनच्या आसपास हवा, आणि मीठ कमी पडलं तर कातडं फुगतं. मग तासून पातळ करायचं, पुन्हा त्याच पाण्यात घालायचं, आम्लाचा जोर मारायचा, कमावायचं, तेल पाजायचं. ओठ आणि नाकाजवळ कातडं इतकं तासायचं की बोट ठेवलं तर खालून सावली दिसावी. हे सगळं गिऱ्हाइकाला दिसत नाही. तारीख दिसते.

दोन हंगाम आमचा फ्रीझर अर्धा रिकामा होता. ओंडका विकायला काढायची वेळ आली. ज्यांच्या वडिलांचं काम आम्ही केलं होतं ते दारावरून पुढे गेले, वर सल्ला देऊन गेले की तुम्हीही जरा हात चालवा.

त्या काळात एक काका नियमाने येत राहिले. मासेमारीचे वेडे, बोलायला तुसडे, पण मासा आणावा तर त्यांनीच. ट्राउट पाण्याबाहेर आला की आधी दोन्ही बाजूंनी फोटो, कारण रंग बघता बघता उतरतो. मग लांबी, घेर. पोट फाडायचं नाही, खवले पुसायचे नाहीत. पर (माशाचे पंख) अंगाला चिकटवून बसवायचे, ओल्या फडक्यात गुंडाळायचं, पिशवीतली हवा काढायची आणि सपाट ठेवून गोठवायचं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा आमच्याकडे रोज येतो आणि कागद कातड्याला चिकटून सुकलेला असतो. पुढे काकांनी मासे पाण्यात सोडायला सुरुवात केली आणि नुसती मापं आणि फोटो आणू लागले. त्यावरून आम्ही फायबरग्लासची प्रतिकृती रंगवतो. चरबीवाल्या माशाला ती जास्त टिकाऊ, कारण खऱ्या डोक्यातून तेल पाझरून रंग पिवळा पडतो. आमचं हे नवं काम काकांच्या हट्टापायी उभं राहिलं, आणि त्यांनी आणलेल्या मित्रांनी फ्रीझर पुन्हा भरला.

त्याच सुमारास भागीदाराकडची डोकी दुरुस्तीला येऊ लागली. कच्चं कातडं वाळताना आक्रसतं. कानांच्या कडा वळलेल्या, डोळ्याचे कोपरे सुटलेले, मानेमागची शिवण उघडी. बोटाने टिचकी मारली की गालाखाली पोकळ वाजतं. असं कातडं पुन्हा भिजवायला गेलं तर अनेकदा केस मुठीत येतात, म्हणून आम्ही बहुतेकांना परत पाठवतो. काहींना हे फार लागलं. त्यांना आम्ही घाई केली नव्हती, घाई त्यांनीच मागितली होती.

शिकाऱ्यांनो, आता तुमच्यासाठी, विचारलं नसलं तरी. डोकं हवं असेल तर गळा चिरू नका. छेद खांद्यांच्या मागे घ्या, जास्तीचं कातडं आम्ही कापू शकतो, कमी पडलेलं जोडू शकत नाही. दोरी बांधून ओढू नका, एका बाजूचे केस झडतात. ऊन आणि बंद प्लास्टिक, दोन्ही टाळा: कातड्यात ऊब राहिली की जिवाणू केसांची मुळं सोडवतात आणि मग कुणाचा बाप आला तरी केस थांबत नाहीत. लगेच पोचता येत नसेल तर गोठवा. सोलता येत असेल तर कान उलटे करा, ओठ चिरून उघडा आणि बारीक मीठ चोळा, पाणी निथळू द्या, दुसऱ्या दिवशी ओलं मीठ झटकून पुन्हा चोळा. खारवलेलं कातडं फ्रीझरमध्ये टाकू नका, मिठामुळे ते नीट गोठत नाही.

आजोबांच्या वेळचं डोकं माळ्यावर सापडलं तर उघड्या हाताने झटकू नका. 18व्या शतकात मेट्झच्या बेकूर नावाच्या औषधविक्रेत्याने आर्सेनिकचा विषारी साबण शोधला, आणि पुढे तो या धंद्यात पिढ्यान् पिढ्या वापरला गेला. हातमोजे आणि मास्क घाला, लहान मुलांना लांब ठेवा.

भारतातून विचारणारेही भेटतात. तिथे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला, त्यामुळे जुन्या ट्रॉफीचं (शिकारीच्या डोक्याचं वा कातड्याचं) मालकी प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय आम्ही बोलतही नाही. सीमेपलीकडे जाणाऱ्या मालाला 1975 पासून लागू असलेला, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा साइट्स करार आहेच. कागद नसेल तर खोटा टॅग लावून देतो म्हणणारे आहेत, त्यांच्याकडे जा.

सध्या डोक्यांची रांग मोठी आहे, मासे लवकर होतात. आणण्याआधी कळवा, म्हणजे फ्रीझरमध्ये जागा करून ठेवता येईल.