म्यानाचा झुलता लूप, दुसऱ्या प्रयत्नात जमला

चाकूचं म्यान शिवलं तेव्हा मागचीच पट्टी वर वाढवून दुमडली आणि बेल्टचा लूप केला होता. चालताना काही त्रास नाही, पण खाली बसलं की म्यानाचं टोक टेकतं आणि मूठ थेट बरगडीत रुतते. म्हणून आता डँगलर केला, म्हणजे बेल्टचा लूप वेगळा, म्यान वेगळं आणि मधे पितळेची डी-रिंग, म्हणजे इंग्रजी D च्या आकाराची कडी.

चामडं व्हेज-टॅनच (झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं) घेतलं, ३ मिमी जाड. क्रोम-टॅन (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) मऊ असतं, ओलं करून दिलेला आकार धरत नाही, त्यामुळे या कामाला मला ते नकोच वाटतं. लूपची पट्टी जनावराच्या कण्याच्या बाजूच्या चामड्यातून लांबीला काढली, पोटाकडचं चामडं वजनाने ताणत जातं.

मापात मात्र पहिल्यांदा चुकलो. बेल्ट ३८ मिमी, म्हणून आतली जागा ४२ धरली, खाली शिलाईला ३०, म्हणजे एक बाजू ७२. पुढची-मागची मिळून १४४, पट्टीचं उरलेलं टोक, म्हणजे शेपूट, रिंगमधून वळून परत वर दोन थरांच्या मधे येतं त्याचे ३०, रिंगच्या वळणाला १०, असं १८४ ला पट्टी कापली आणि बेल्टवरून जे वळण घ्यायचं त्याचा हिशोबच राहिला! बेल्ट ४-५ मिमी जाड, त्यात चामड्याची स्वतःची जाडी, चामड्याच्या मधल्या रेषेवर मोजलं तर त्या अर्धगोलालाच ११-१३ मिमी जातात. बेल्ट आत सरकेचना. दुसरी पट्टी २०० मिमी कापली, आधी जाड कागदाची करून बेल्टवर घालून बघितली, मगच चामड्याला हात लावला.

शिलाईच्या जागी तीन थर येतात म्हणजे ९ मिमी, एवढं जाड बरं दिसत नाही आणि भोकं पाडायची आरीही तिरकी जाते. मधे येणारं शेपूट रापीने (चामडं तासायच्या सुरीने) छिलून टोकाला जेमतेम १ मिमी ठेवलं. चिकटवायच्या आधी गुळगुळीत बाजू सँडपेपरने खरवडायलाच हवी, नाहीतर ग्लू नुसता वरवर बसतो आणि नंतर सोलून येतो.

वळवण्यासाठी पट्टी कोमट पाण्यात भिजवली, रंग परत मूळचा दिसायला लागला की वळवायची. वळण धरून ठेवायला लोखंडी क्लिपा लावल्या आणि सकाळी काळे डाग, चामड्यातलं टॅनिन आणि लोखंड ओल्यात भेटलं की हे होतंच. लिंबाचा रस लावून बरेचसे फिके झाले, पण पुढच्या वेळी प्लास्टिकच्या क्लिपा किंवा मधे चामड्याचा तुकडा.

शिलाई सॅडल स्टिच, ४ मिमीवर एक टाका, मेण लावलेला १ मिमी दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या. एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात, लटकत्या वस्तूला मला हीच शिलाई हवी. दोरा एरवी शिलाईच्या लांबीच्या चौपट घेतो, इथे थर जाड म्हणून पाचपट घेतला, तो पुरला.

म्यानाच्या बाजूचं काम सोपं निघालं. जुन्या लूपची खालची शिलाई उसवली, रिंग आत सरकवली, त्याच भोकांतून परत शिवलं आणि रिंगच्या लगेच खाली दोन थरांतून एक आडवी ओळ घातली, त्यामुळे रिंग हलत नाही. रिव्हेट मुद्दाम टाळले, आतून डोकं पात्याला घासतं.

दोन दिवस घालून फिरलो. बसताना म्यान आपोआप बाजूला सरकतं, मूठ बेल्टच्या खाली राहते, बरगडी सुटली. एक गोष्ट बाकी आहे, चाकू ओढला की म्यानही त्याच्याबरोबर वर येतं, दुसऱ्या हाताने धरावं लागतं. लूप घट्ट करून हे सुटणार नाही, म्यानाचं तोंडच मुठीवर घट्ट बसायला हवं. म्हणून उद्या तोंडाकडचा भाग ओला करून परत मोल्ड करणार, चाकूला आधी क्लिंग फिल्मचे दोन-तीन वेढे घालून, कारण पातं कार्बन स्टीलचं आहे आणि ओल्या चामड्यात ते लगेच गंजतं.