बुधवारच्या बाजारातला बुधवार

गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात मी गेलो होतो कोथिंबिरीला. जुने नळ, नट-बोल्टचे पाने, चार्जरच्या वायरी मांडलेल्या एका ताडपत्रीवर पाण्याने फुगलेलं जाडजूड पुस्तक दिसलं. नील गेमनची ‘अमेरिकन गॉड्स’, 2001 सालची कादंबरी. विक्रेता 60 म्हणाला, 40 ला दिलं. पिशवीत ते जुडीखाली दबलं, त्याला अजून कोथिंबिरीचा वास येतो.

गोष्ट अशी की माणसं देशोदेशींहून अमेरिकेत गेली, जाताना आपापले देव घेऊन गेली आणि पुढे त्यांना विसरली. देव मात्र तिथेच अडकले. मग पोटापाण्याचं बघायला नको? मिसरचे, म्हणजे इजिप्तचे, मृतांचे देव इलिनॉयमधल्या कैरो गावात अंत्यविधीचं दुकान चालवतात. एक इफ्रित, म्हणजे अरबी गोष्टींतला आगीचा जिन, न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी हाकतो. या सगळ्यांची मोट बांधत हिंडणारा लबाड म्हातारा स्वतःचं नाव सांगतो वेन्सडे, म्हणजे बुधवार! तो ओडिन, उत्तर युरोपातल्या जुन्या देवांचा मुखिया. इंग्रजीतला तो वार त्याच्याच नावाचा. (रहस्य फोडलं खरं, पण त्याने तरी ते कुठे नीट लपवलंय?) असला इसम बुधवारच्याच बाजारात, घासाघीस करून मिळावा, याचं मला फार हसू आलं.

वाचताना आपलेच देव आठवायला लागले. ऋग्वेदातला वरुण केवढा दरारा असलेला राजा. आता जूनमधल्या बातमीच्या मथळ्यापुरता उरलाय. वाटा राखणाऱ्या पूषनचं तर कामच मोबाइलने नेलं. बोळक्या तोंडाने करंभ, म्हणजे सातूची पेज खाणारा हा देव मला भलताच आवडतो, पण त्याचं देऊळ मी कुठे पाहिलेलं नाही.

याउलट नाशिकला गोदावरीच्या पात्रात उभा असलेला आमचा दुतोंड्या मारुती बघा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की क्युसेकचे आकडे येतात, ते ऐकून कुणाला काही कळत नाही. नाशिककर एवढंच विचारतो, “मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?” गुडघा, कंबर, छाती. छाती म्हटलं की भांडीबाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. या देवाची नोकरी पक्की आहे.

कादंबरीत परमुलखात नेलेली एक बाई तिथेही रात्री चिमुकल्या अदृश्य मंडळींसाठी दूध काढून ठेवते. ते वाचलं आणि न्यू जर्सीतल्या बहिणीची पाचवी आठवली. बाळ पाच दिवसांचं, आई नाशिकहून व्हिडिओ कॉलवर. पाटा-वरवंटा कुठला मिळायला, बहिणीने खलबत्ता पुजला. सटवाईला बाळाचं नशीब लिहायला शेजारी कोरा कागद आणि पेन.

“पेन चालतंय का बघ आधी,” आई म्हणाली.

“चालतंय गं. जेल पेन आहे.”

“मग टोपण काढून ठेव. ती बिचारी एवढ्या लांबून येणार.”