टाचेमागचं दुखणं आणि शॉक वेव्ह

शॉक वेव्ह उपचाराच्या नावात 'शॉक' असला तरी यात विजेचा झटका नसतो. त्वचेवरून आत दाबाच्या लहरी सोडतात, एवढंच. 1980 साली म्युनिकमध्ये अशाच लहरींनी पहिल्यांदा पेशंटचा मूतखडा फोडला गेला. अ‍ॅकिलिस टेंडनला (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जाड दोरी) मात्र त्याहून बरीच कमी ऊर्जा पुरते.

आधी टेंडन चिमटीत धरून वरपासून खाली दाबत या. टाचेच्या हाडापासून 2 ते 6 सेंमी वर जाडसर, दुखरा गोळा लागला तर बिघाड मधल्या भागात आहे. बुटाची मागची कड घासते तिथे, अगदी हाडालगत दुखत असेल तर टेंडन जिथे चिकटतो तिथला. ही जागा आधी ठरवा, कारण पुढचा व्यायाम तिच्यावर ठरतो.

पेशंट पालथा, पाऊल टेबलाच्या कडेबाहेर. जेल सढळ हाताने लावायचं. मधे हवा राहिली तर लहर तिथूनच मागे फिरते. रेडियल मशीनवर (ज्याच्या लहरी त्वचेपासून आत पसरत जातात) साधारण 2000 ठोके, सेकंदाला 8 ते 10. दाब दीड बारपासून, सोसेल तसा अडीचपर्यंत. आठवड्याला एक, अशी तीन ते पाच सिटिंग. प्रोब (मशीनचा त्वचेवर टेकवायचा दांडा) फिरवताना विचारत राहायचं, "रोज दुखतं ते हेच ना?" 'हो' आलं की जागा सापडली. भूल देऊन हे करू नये ते यासाठीच, शिवाय त्याने परिणामही कमी होतो.

सिटिंगनंतर थोडा वेळ पाय हलका वाटतो आणि घोटाळा इथेच होतो. बरं वाटतंय म्हणून लोक त्याच संध्याकाळी पळायला जातात. दोन दिवस पळणं, उड्या बंद. चालायला हरकत नाही. खरा फरक कळायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि तोही व्यायाम चालू ठेवला तर. नुसत्या मशीनवर विसंबणं म्हणजे अर्धाच उपचार. मधल्या भागासाठी पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची: 15 चे तीन सेट, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. हाडालगतच्या दुखण्यात टाच पायरीखाली जाऊ द्यायची नाही. टेंडन हाडावर दाबला जातो आणि दुखणं वाढतं.

गरोदरपण, रक्त पातळ करणारी औषधं, त्या जागी जंतुसंसर्ग किंवा गाठ असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. आणि मागून कुणी लाथ घातल्यासारखं वाटून दुखणं सुरू झालं असेल तर पालथं झोपून कुणाला तरी पोटरी दाबायला सांगा. पाऊल हललं नाही तर टेंडन तुटला असण्याची दाट शक्यता. तिथे शॉक वेव्ह नाही, त्याच दिवशी ऑर्थोपेडिक डॉक्टर.