बर्फाखाली उरलेला उन्हाळा

अलास्काच्या उत्तरेला, ब्यूफोर्ट समुद्रात, सप्टेंबरातल्या एका सकाळी आम्ही तिघेजण जहाजाच्या मागच्या डेकवरून ६० मीटर लांबीची केबल हळूहळू पाण्यात सोडत होतो. हातमोज्यांतून सरकताना तिच्यावरचे फुगवटे एकेक करून बोटांना जाणवत होते. त्या प्रत्येकात एक थर्मिस्टर, म्हणजे तापमानाबरोबर विद्युतरोध बदलणारा संवेदक, बसवलेला होता. खालच्या टोकाला केबल ताणून धरणारे वजन होते आणि वरच्या टोकाला पांढरा बोया. कोकणातले मच्छीमार जाळ्याला बांधतात तोही बोयाच. आमच्या बोयाच्या पोटात मात्र जीपीएस आणि इरिडियम उपग्रहांमार्फत आकडे पाठवणारे यंत्र असते.

उपग्रह असताना हा खटाटोप कशासाठी, असे घरचे विचारतात. उपग्रहाला समुद्राचा केवळ वरचा पापुद्रा दिसतो, आणि आर्क्टिकच्या उन्हाळ्यात ढग इतके असतात की इन्फ्रारेड मोजणीला तोही अनेकदा दिसत नाही. जहाजे तर हिवाळ्यापूर्वी परततात. त्यामुळे तिथेच राहून पाण्याबरोबर आणि पुढे बर्फाबरोबर वाहत जाईल असे साधन लागते. वाहत जाऊन समुद्र समजून घेण्याची ही रीत जुनी आहे: नॉर्वेचे संशोधक नान्सेन यांनी १८९३ मध्ये ‘फ्राम’ हे जहाज मुद्दाम बर्फात गोठू दिले होते आणि ते थेट १८९६ मध्ये मोकळे झाले.

या कामाने मला दाखवलेली सर्वांत विलक्षण गोष्ट मात्र त्या पापुद्र्याच्या खाली आहे. बर्फ उन्हाचा निम्म्याहून अधिक भाग परतवतो, तर उघडे पाणी ९० टक्क्यांहून अधिक ऊन पिऊन घेते. शरद ऋतूत वरचे पाणी निवत निवत उणे १.८ अंशांच्या आसपास पोहोचते आणि गोठते. उन्हाळ्यातली ऊब तोवर संपली असेल असे आपल्याला वाटते. पण इतक्या थंड पाण्याची घनता तापमानापेक्षा क्षारांवर ठरते. बर्फ वितळून आलेले कमी खारट, हलके पाणी वर राहते आणि २०-३० मीटरवरचे अधिक खारट पाणी उबदार असूनही वर येऊ शकत नाही. आलेखावर वरच्या संवेदकांच्या रेषा एकामागून एक गोठणबिंदूला टेकतात, पण २५ मीटरची रेषा वरच राहते, कधीकधी ऐन हिवाळ्यापर्यंत. मग एखादे वादळ पाणी घुसळून काढते, ती रेषा खाली येते आणि साठलेली ऊब बर्फाच्या तळाशी पोहोचते. बर्फ तेवढा कमी जाडीचा बनतो. उन्हाळ्याचा हिशेब हिवाळ्यात असा चुकता होताना पाहणे मला अजूनही थक्क करते.

आकडे वाचताना मी एकदा चांगलीच फसले. आमचा एक बोया पश्चिमेला चुकची समुद्राकडे वाहत गेला आणि त्याच्या सर्वांत खालच्या संवेदकाने अनपेक्षित तापमान दाखवले. ६० मीटरवर नवे पाणी शिरल्याचे मी आनंदाने टिपून ठेवले. नंतर दाबाचा आकडा, म्हणजे टोक खरोखर किती खोल आहे ते सांगणारा आकडा, पाहिला तेव्हा उलगडा झाला: तिथला समुद्र जेमतेम ५० मीटर खोल होता आणि केबलचे टोक तळाच्या चिखलातून फरफटत होते. वारा बोयाला ओढू लागला तरी केबल तिरकी होते. म्हणून आता मी आधी दाब पाहते, मगच तापमान.

आपल्या देशाचेही आर्क्टिकमध्ये असे एक साधन आहे. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या काँग्सफ्योर्ड या खाडीत ‘इंडआर्क’ ही वेधशाळा १९२ मीटर खोल पाण्यात नांगरली. ती एका जागी राहून वर्षभराचे बदल टिपते, तर आमचे बोये वाट्टेल तिकडे जातात. दोन्ही नोंदी हव्याच असतात.

सप्टेंबरात सोडलेला तो बोया आता बर्फात रुतला आहे. बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढले तर केबल तुटेल, आणि कुतूहलाने जवळ येणाऱ्या ध्रुवीय अस्वलांचाही भरवसा नाही. इकडे सिएटलमध्ये सकाळी संगणक उघडला की मी आधी २५ मीटरची रेषा पाहते. आज ती गोठणबिंदूच्या किंचित वर होती.