पाकट आणि ओपॉसम: वर्ग वेगळे, पण अडचण नावात

मुंबईच्या ससून डॉकवर पहाटे उतरलेल्या मासळीत चपटा, चाबकासारख्या शेपटीचा पाकट दिसतो. ओपॉसम मात्र दिसणार नाही. तो अमेरिका खंडातला पिशवीवाला सस्तन प्राणी, आणि भारतात असा एकही प्राणी मूळचा नाही.

या दोघांचं वर्गीकरण आणि संवर्धनस्थिती यांची तुलना तक्त्यात मांडायची, तर आधी वर्गीकरण. त्यात समपृष्ठरज्जू संघ आणि पृष्ठवंशी उपसंघ इथवर दोघं बरोबर असतात. पुढे पाकट कास्थिमत्स्यांत (हाडांऐवजी लवचीक कूर्चेचा सांगाडा असलेल्या माशांत) जातो आणि ओपॉसम सस्तनांत. पाकटाची मादीही जिवंत पिल्लं देते, गर्भाशयातल्या दुधासारख्या स्रावावर ती वाढवते. इथे पुष्कळांची गल्लत होते. पण कल्ले आणि कास्थीचा सांगाडा असलेला तो मासाच. उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया ओपॉसमचं पिल्लू उलट 12-13 दिवसांत, जेमतेम मधमाशीएवढं असताना जन्मतं आणि पिशवीत आचळाला चिकटून वाढतं.

धक्क्यावर खरा गोंधळ गिटार माशाचा होतो, कारण मागून तो थेट मुशीसारखा (शार्कसारखा) दिसतो. उलटा करून पाहा. कल्ल्यांच्या पाच जोड्या पोटाकडे असतील तर तो पाकटांचा भाऊबंद. मुशीचे कल्ले शरीराच्या दोन्ही बाजूंना असतात. शेपटीवर विसंबू नका, पाकटाचा काटा लागू नये म्हणून ती बरेचदा आधीच छाटलेली असते.

आता संवर्धनस्थिती. ‘पाकट धोक्यात आहे का?’ या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या) लाल यादीत प्रत्येक प्रजातीचं मूल्यमापन वेगळं होतं आणि पाकटवर्गीय प्रजाती 600हून जास्त आहेत. महाकाय मांटा हा पाकट ‘संकटग्रस्त’ आहे. वेज फिश आणि महाकाय गिटार मासे या पाकटवर्गीय माशांच्या 16 प्रजातींपैकी 15 प्रजाती 2019 साली ‘अतिसंकटग्रस्त’ ठरल्या. जावा बेटाजवळच्या एका छोट्या पाकटाचा एकमेव नमुना 1862 साली जाकार्ताच्या मासळीबाजारातून मिळाला होता. 2023 साली ती प्रजाती नामशेष जाहीर झाली. ‘ओपॉसम’ हेसुद्धा शंभरावर प्रजातींचं नाव. त्यातला उत्तर अमेरिकेतला व्हर्जिनिया ओपॉसम ‘किमान चिंता’ या श्रेणीत आहे.

हा फरक वर्गामुळे पडत नाही. व्हर्जिनिया ओपॉसमची मादी वर्षाच्या आत वयात येते आणि एका वेताला अनेक पिल्लं देते. मांटाला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, तेही काही वर्षांच्या अंतराने. ट्रॉलच्या (बोटीने ओढत न्यायच्या) जाळ्यात अशी मोठी मादी गेली की ती जागा भरायला फार काळ लागतो. यादीचा हिशोबही पिढीवर चालतो: घटीचं कारण अजून चालू असेल आणि 10 वर्षं किंवा तीन पिढ्या, यांपैकी जो काळ जास्त त्यात संख्या 80 टक्क्यांनी घटली तर ‘अतिसंकटग्रस्त’, 50 टक्क्यांना ‘संकटग्रस्त’.

लाल यादी म्हणजे कायदा नव्हे. भारतात पकडण्यावर बंदी आहे की नाही, हे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत पाहावं लागतं. करवत मासा (हाही पाकटवर्गीय) 2001पासून तिथे पहिल्या अनुसूचीत आहे. तुलनेच्या तक्त्यात म्हणून लाल यादी आणि कायदा असे दोन रकाने ठेवा, आणि प्रत्येक ओळीवर शास्त्रीय नाव लिहा. नुसतं ‘पाकट’ लिहिलं तर दोन्ही रकाने भरता येत नाहीत.