तुम्ही विचारलंत म्हणून: विदर्भात राहून भूकंपाची काळजी कशाला?

"आपल्याकडे कुठे भूकंप होतो? मग तुम्ही प्रत्येक घराच्या पायाभरणीलाच तो विषय का काढता?" हा प्रश्न मला घरमालक विचारतात, गवंडी विचारतात आणि लग्नकार्यात भेटणारे पाहुणेही विचारतात. वाशीम जिल्ह्यात, हिंगोलीच्या सीमेजवळ मी राहतो आणि आसपासच्या गावांमध्ये लहान घरे बांधून देतो. त्यामुळे उत्तर देणे मला भागच आहे.

प्रश्नामागचा समज अगदीच निराधार नाही. २००२ मध्ये सुधारलेल्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात विदर्भाचा बराचसा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे दुसऱ्या विभागात येतो. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना ६.२ तीव्रतेचा जो भूकंप झाला आणि ज्यात आठ-दहा हजार माणसे गेली, तो किल्लारीचा परिसरही त्या वेळच्या नकाशात सर्वांत सुरक्षित अशा पहिल्या विभागातच होता. पुढे पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्या विभागात गेली. म्हणून कोणी नकाशाचा हवाला दिला की मी तो मान्य करतो, पण त्याच्या भरवशावर भिंत उभी करत नाही.

आपल्या आजूबाजूची जमीनही पूर्ण निश्चल नाही. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याने, अचलपूर-परतवाड्याच्या उत्तरेकडून गाविलगडचा भ्रंश, म्हणजे खडकांतली खोल भेग, गेला आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात १९३८ साली सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता आणि मे १९९७ मध्ये जबलपूरला ५.८ तीव्रतेचा झाला. २०१८ च्या पावसाळ्यात मेळघाटातील साद्राबाडी येथे जमिनीतून आवाज आणि धक्के येत राहिले, तेव्हा लोकांनी घाबरून रात्री घराबाहेर काढल्या. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि आमच्याकडेही भांडी वाजली. त्याच वर्षी ४ डिसेंबरला तेलंगणातील मुलुगूच्या ५.३ तीव्रतेच्या भूकंपाने गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत लोकांना घराबाहेर आणले.

यावर लोक लगेच विचारतात की मग हे मोठ्याचे लक्षण आहे का. तसे कोणालाही सांगता येत नाही. किल्लारीला आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, लहान धक्क्यांची मालिका येऊन गेली होती. साद्राबाडीलाही तशीच आली, पण पुढे मोठे काही घडले नाही. हिंगोलीचा धक्का सोसला म्हणजे आपले घर पक्के, असेही समजू नये, कारण ४.५ आणि ६.२ या दोन आकड्यांमध्ये ऊर्जेचा फरक साधारण साडेतीनशे पटींचा असतो.

किल्लारीत माणसे गेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली आणि जाड मातीच्या छतांखाली. तशी धाब्याची घरे आमच्या वाशीम-बुलढाण्याकडेही आहेत. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी धाब्यावर नवी माती चढवली जाते, जुनी कोणी उतरवत नाही, आणि दोन पिढ्यांत तो थर फूट-दीड फुटाचा होऊन बसतो. दहा बाय बाराच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे पाच टनांहून अधिक वजन. हे वजन निव्वळ भिंतींवर आहे की लाकडी खांबांवर, हे मी आधी पाहतो, कारण किल्लारीकडेही जिथे छत खांबांवर होते तिथे भिंती ढासळूनही छत तगल्याच्या नोंदी आहेत. पूर्व विदर्भातील कवेलूची, म्हणजे मातीच्या कौलांची, घरे या बाबतीत बरी. कवेलू अंगावर पडले तर जखमा होतील, पण ढिगाऱ्याखाली गुदमरण्याचा धोका कमी.

मला सर्वाधिक खटकते ते मात्र नव्या घरांचे. जुनी वस्ती पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीच्या गावठाणावर होती. आता गावाबाहेरची घरे सरळ काळीत, शेताच्या काळ्या मातीत उठतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, आणि पाया मुरुमापर्यंत नेला नसेल तर दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. त्यात चार-साडेचार इंची विटांची भिंत, दारे-खिडक्यांवर तुकड्या-तुकड्यांचे लिंटेल (भिंतीचा भार पेलणारी आडवी पट्टी) आणि वर स्लॅब. पुढे कापसाला भाव मिळाला की त्यावर आणखी एक मजला. अशा घराला गावात "पक्के" म्हणतात आणि मातीच्या घराला "कच्चे", हे ऐकून मला गप्प बसवत नाही.

उपाय महागही नाही. जोत्यावर एक आणि दारे-खिडक्यांच्या डोक्यावर एक असा तीन इंच जाडीचा काँक्रीटचा सलग पट्टा चारही भिंतींवरून फिरवायचा, आत दोन सळया टाकायच्या आणि कोपऱ्यात त्या न तोडता वळवून पुढच्या भिंतीत न्यायच्या. भूकंपात भिंती एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून हे पट्टे असतात. पण जोत्यावरचा पट्टा काळ्या मातीच्या भेगांनाही आवर घालतो. घरमालकाला मी ही दुसरीच गोष्ट आधी सांगतो. शंभर वर्षांत कदाचित येणाऱ्या धक्क्यासाठी कोणी सळई विकत घेत नाही, दर उन्हाळ्यात दिसणाऱ्या भेगेसाठी घेतो. (दर्शनी भिंतीवरच्या रंगीत टाइल्ससाठी मात्र मला कधी कोणाचे मन वळवावे लागलेले नाही.)

"मग तुमच्या घरी काय केले?" हेही विचारले जाते. पुढच्या खोल्यांना पट्टे आहेत, लोखंडी कपाट भिंतीला स्क्रूने बांधले आहे आणि पलंगाच्या वरच्या फळीवरून पितळी भांडी खाली आणली आहेत. मागची खोली जुनी, धाब्याची आहे, आणि वडिलांना ती सोडवत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा दुपारी तिथेच अंग टाकता येते, असे ते म्हणतात आणि ते खरेच आहे; ऊन दरवर्षी येते, भूकंप तसा येत नाही. या उन्हाळ्यात, पाऊस लागण्याच्या आत, थर चार-पाच इंचांवर आणायचा, त्यावर प्लास्टिक अंथरून टिनपत्रे टाकायची आणि खांब तुळयांना लोखंडी पट्ट्यांनी जखडायचे, एवढे त्यांनी मान्य केले आहे. खाट दगडी भिंतीपासून दूर, खांबांच्या मध्ये घ्या, हे मात्र अजून मान्य नाही, कारण कूलरची हवा तिथपर्यंत पोहोचत नाही.