अनुदान किती, यापेक्षा कसं

कलेला सरकारने पैसे द्यावेत की नाही, यावर वाद भरपूर रंगतात. ते कोणत्या अटींवर द्यावेत, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. खरी मेख तिथेच असते.

पैसे का लागतात, हे बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच मांडलं. कारखान्यात यंत्रं आली की तेवढ्याच माणसांकडून जास्त माल निघतो आणि पगारवाढ त्यातून भागते. चौघांनी वाजवायच्या अर्ध्या तासाच्या रचनेला मात्र आजही चौघंच लागतात आणि अर्धाच तास. बाकीच्यांचे पगार वाढले की वादकांचेही वाढवावे लागतात, नाहीतर ते दुसरा धंदा धरतात. ही तूट तिकिटातून भरायला गेलं, तर सभागृहात फक्त ऐपतदार उरतात.

आता अटी. सगळ्यात जास्त नुकसान करते ती 'आधी खर्च करा, मग बिलं द्या' ही पद्धत. नाटकाचा मोठा खर्च पडदा उघडायच्या आधीच होतो: तालमीची जागा, नेपथ्याचं सामान, कपडेपटाचा ॲडव्हान्स, तालमीच्या दिवसांचं मानधन. ज्या संस्थेकडे गंगाजळी आहे ती हे निभावते. छोटी संस्था कर्ज काढते, आणि मंजूर खर्चाच्या यादीत व्याज बहुधा बसत नाही. म्हणजे कागदावर योजना सगळ्यांसाठी, प्रत्यक्षात ज्यांना गरज कमी त्यांच्यासाठी! माझ्या मते ७० ते ७५ टक्के रक्कम करार होताच द्यावी आणि उरलेली हिशेब आल्यावर.

'अर्धे तुम्ही उभे करा' ही अटही अशीच दुधारी. अमेरिकेत १९६५ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय कलानिधी संस्था अनुदानाइतकीच रक्कम साधारणपणे बाहेरून उभी करायला लावते. पण फुकट मिळालेली जागा किंवा स्वयंसेवकांचे तास यांची किंमतही त्यात धरता येते. ही सवलत काढली, तर श्रीमंत देणगीदार नसलेल्या गावांतली मंडळी अर्जच करणार नाहीत.

पैसा कशाच्या बदल्यात द्यायचा, हा प्रश्न तर आणखी नाजूक. नेदरलँड्समध्ये १९४९ ते १९८७ या काळात सरकार गरजू चित्रकार-शिल्पकारांकडून कलाकृती घेऊन त्यांना उत्पन्न देत असे. कलावंत जगले, ही काही छोटी गोष्ट नाही. पण त्या कृती कुठे लावायच्या याची सोय अपुरी, त्यामुळे कोठारं भरत गेली. याउलट डेन्मार्कने १९४६ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांतल्या पुस्तकांसाठी लेखकांना मोबदला सुरू केला. वाचकाला पुस्तक फुकट आणि लेखकाला पैसे, दोन्ही एकाच व्यवहारात. आयर्लंडने २०२२ मध्ये वेगळीच वाट धरली: पात्र अर्जदारांतून सोडत काढून २,००० कलावंतांना तीन वर्षं आठवड्याला ३२५ युरो, आणि तुलनेसाठी पैसे न मिळालेला एक गटही. परिणाम मोजायची तयारी पहिल्या दिवसापासून, हे मला त्यातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

निवड मंत्र्यांच्या हाती नको म्हणून स्वायत्त मंडळ, ही ब्रिटनमध्ये १९४६ साली रुजलेली कल्पना चांगलीच. पण मंडळात वर्षानुवर्षं तेच चेहरे बसले की तोच पैसा त्याच दारी जातो. ठरावीक मुदत, ओळखीच्या अर्जाच्या वेळी बैठकीबाहेर जाणं आणि नकाराचं लेखी कारण, एवढं तरी हवंच.

लोकांना काय मिळालं, हे सांगताना 'एका रुपयाचे चार झाले' छापाचे आकडे मिरवले जातात, त्यांच्यापासून सावध राहावं. स्थानिक माणसाने तिकिटावर घातलेला पैसा बहुतेकदा हॉटेलात किंवा सिनेमाला गेलाच असता. नवा पैसा म्हणजे बाहेरगावच्या प्रेक्षकाचा, तोही कार्यक्रमासाठीच आला असेल तर. नुसती डोकी मोजूनही भागत नाही. नेहमीचाच रसिक चार वेळा आला, तर हजेरीत चार माणसं दिसतात. तिकिटासोबत दोनच प्रश्न विचारावेत: इथे पहिल्यांदाच येताय का, आणि कुठून आलात? उत्तरं हिशेबाला जोडली की पुढच्या वर्षी प्रयोग कुठे न्यायचा, हे कळतं.